एकशे बेचाळीस तुकडे

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मधलीनं फळीच्या कडेवरच्या खडूच्या रेघा मोजल्या. एकशे बेचाळीस भरल्या. विश्वास बसेना म्हणून तिनं त्या बोट टेकवत परत मोजल्या. चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, असे अठ्ठावीस गठ्ठे. वर दोन सुट्या. शनिवारचा आकडा एकोणीस होता. शुक्रवारचा अकरा.

"चुकलीस का?" आईनं मान वर न करता विचारलं.

"नाही. एकशे बेचाळीस."

"मग लिही की. बघत काय बसलीस?"

मधलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चौकोनात आकडा लिहिला, ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या आणि अंगातला कोटही न काढता दोन्ही भावांना तो कळवला. धाकट्याचं उत्तर लगेच आलं: काय?? थोरल्याचं आलं नाही. तो गाडी चालवत असणार.

आकड्याची ही पद्धत थंडी सुरू झाली तेव्हा पडली. पाठ कशी आहे, हा प्रश्न आईला विचारायची सोय उरली नव्हती. थोरल्यानं विचारला तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. धाकट्यानं विचारला तेव्हा म्हणाली, "माझी पाठ माझ्यामागे आहे, तू माझ्यासमोर बस आणि दुसरं काहीतरी बोल." मग तिघा भावंडांनी ठरवलं, विचारायचं नाही, मोजायचं. आई जिगसॉ, म्हणजे तुकडे जोडायचं चित्रकोडं, लावायची. चौतीस वर्षं तिनं युनिफॉर्मच्या कारखान्यात कापड कापलं होतं. कटिंगच्या टेबलाशी कमरेत वाकून उभं राहायचं, एकावर एक साठ थर, वर खडूची आखणी. तिथं सगळे तिला मास्तर म्हणत. कापलेला प्रत्येक गठ्ठा रेघ ओढून मोजायची सवय हाडात मुरलेली. घरी जिगसॉचा तुकडा बसला की तसाच खडू उचलून ती फळीच्या कडेला रेघ ओढायची. दुखणं जास्त असलं की पाच मिनिटंही बसवायचं नाही, आणि मग दिवसाच्या रेघा दहा-अकरा. दुखणं कमी असलं की वीस-वीस मिनिटं बसायची. फिजिओथेरपीवालीनं तेवढीच मुभा दिली होती. वीस मिनिटांनी स्वयंपाकघरातलं टायमरचं घड्याळ वाजलं की उठून टेबल धरत खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. अशा दिवशी रेघा चाळीसच्या घरात जात. मधली दुपारी बाराला रेघा मोजून लिहायची, कळवायची आणि पुसायची.

माप चांगलं होतं. पाच आठवडे त्यानं एकदाही दगा दिला नव्हता.

मधलीनं कोट काढून खुंटीला लावला. पहाटे सहाची लॉन्ड्रीतली पाळी तिची. इस्त्रीच्या वाफेत साडेपाच तास उभं राहून बाहेरच्या थंडीत यायचं म्हणजे अंगावर ओलं कापड टाकल्यासारखं व्हायचं. खिडकीच्या काचा धुरकट झाल्या होत्या. टेबलाखाली दोन कांड्यांचा हीटर लाल होऊन तापत होता. फळीवर, ती पहाटे निघताना ठेवून गेली होती तो पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

"पाणी नाही प्यालीस?"

"तहान नव्हती."

"चहा टाकू?"

"तुझ्यापुरता टाक. मला नको." आईनं एक तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, एकदाही न चाचपता जागेवर बसवला आणि रेघ ओढली. नव्या दिवसाची पहिली.

मधली तिच्याकडे बघत राहिली. रात्री दीडपर्यंत ही बाई उशीत तोंड खुपसून कण्हत होती. पलीकडच्या खोलीत मधली कानावर हात घेऊन पडली होती, आणि तेव्हाच तिनं मनाशी ठरवून थोरल्याला फोनवर सांगूनही टाकलं होतं: उद्या तुझ्या बाजूनं बोलणार. ऑपरेशन.

आज निकाल लावायचाच होता. मणक्यातली चकती सरकून नसा दाबतेय, ती काढायला हवी, असं सर्जननं सांगितलं होतं, आणि सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. थोरला हो म्हणत होता. धाकटा नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच थंडीत बाबा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि परत आले नव्हते. त्या फॉर्मवर सही थोरल्याची होती. धाकट्यानं त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात त्याला जे ऐकवलं, ते दोघांपैकी कोणीच विसरलं नव्हतं. तेव्हापासून दोघांना एकमेकांशी बोलायचं असलं की ते आईशी बोलत किंवा मधलीशी. आणि आईनं अट घातली होती: "तिघांनी एका तोंडानं हो म्हणा, मी सही करते. दोघांचं हो आणि एकाचं नाही, तर नाही. मला माझ्या पाठीवरून भांडण नकोय."

बारा चाळीसला थोरला आला, सोबत वहिनी, तिच्या हातात सूपचं भांडं. थोरला बसडेपोत टाइमकीपर. दारातून आत येतानाही त्याची नजर आधी घड्याळाकडे जायची, मग माणसांकडे.

"किती म्हणालीस?"

"एकशे बेचाळीस."

"एका दिवसात?"

"बारा ते बारा."

तो फळीवर वाकला. "रेघा कुठायत?"

"पुसल्या. रोज पुसते."

"आजच्या तरी ठेवायच्या होत्यास."

"का रे, पंचनामा करायचाय?" आई म्हणाली. "डेपोतले ड्रायव्हर खोटी वेळ लिहीत असतील. मी रेघ खोटी ओढत नाही."

"तसं नाही गं म्हणत मी."

"मग बस. उभा राहिलास की उजेड अडतो."

धाकटा आला तो मोठ्यानं बोलतच. गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता तो, आणि बुधवारी त्यानं दुकानातली सगळ्यात भारी गादी घरी पाठवली होती. "मी काय म्हटलं होतं, ताई? गादी! बुधवारी गादी आली, रविवारी एकशे बेचाळीस. आणि लोक पाठ फाडायला निघालेत."

लोक म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. थोरल्यानं चष्मा काढून पुसला.

"गादीवर मी काल झोपलेच नाही रे, गादीवाल्या," आई म्हणाली. "पडवेना. साडेतीनला उठून इथे येऊन बसले, ती बसलेच."

"म्हणजे गादी नसण्याचा गुण आला म्हणायचा!" धाकटा हसला. आईही हसली. वहिनी सूप गरम करायला निघाली होती, ती थांबली.

"साडेतीनपासून? याच खुर्चीत?"

"लागला होता हात चांगला. कशाला उठू?"

थोरल्यानं चष्मा परत लावला आणि पाच आठवड्यांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "आई, दुखतंय का?"

या वेळी आईला ठेवून द्यायला फोन नव्हता. आईनं हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"नाही."

"नाही म्हणजे कमी आहे?"

"नाही म्हणजे नाही. सकाळपासून अजिबात नाही. पाठ आहे की नाही तेच कळत नाहीये, इतकं बरं वाटतंय. झालं समाधान?"

मधलीला आपल्या छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. तिला रडूच आलं, पण ती चमचे मोजत राहिली.

"मग सोमवारचं काय करायचं?" थोरल्यानं तिलाच विचारलं. "काल रात्री तू मला फोनवर म्हणालीस…"

"काल रात्रीची गोष्ट वेगळी होती."

"एका रात्रीत चकती जागेवर गेली?"

"मला चकतीतलं कळत नाही, दादा. एकशे बेचाळीस कळतं. एकोणीसवर होती ती. आता अशा माणसाला टेबलावर झोपवायचं?"

मधली कधी एकदा आपल्या बाजूला येते याची धाकटा तीन आठवडे वाट पाहत होता. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला. "ताई म्हणते तेच. दोन नाही, एक हो. मिटलं."

"मी बोलू का?" वहिनी दारातून म्हणाली.

या घरात वहिनी फारशी बोलत नसे. शाळेत दिवसभर बोलते, इथं विसावा, असं तीच म्हणायची. "मला काय वाटतं, दुखणं असं एका रात्रीत जात नसतं. माझा वर्ग एकदम शांत झाला ना, की मी आधी उठून मागच्या बाकांपर्यंत जाऊन बघते. शहाणी झाली म्हणून मुलं गप्प बसत नाहीत."

"वहिनी, परवा तर तुम्हीच म्हणालात की ऑपरेशन झालं तर दोन महिने आई तुमच्याकडे येणार आणि ते तुम्हाला झेपणार नाही."

"म्हणाले. झेपणार नाहीच. दुसऱ्या मजल्यावर घर, दिवसभर मी बाहेर. झेपणार नाही तरी सांगतेय, भाऊजी, त्यावरूनच काय ते समजा."

कोणी काही समजलं नाही. मधलीला तर तिचा रागच आला. पाच आठवडे या बाईनं एकदाही ऑपरेशनच्या बाजूनं तोंड उघडलं नव्हतं, आणि आज आई बरी आहे म्हणतेय तर हिला शंका.

थोरल्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या फोन करून सांगतो, तूर्त पुढे ढकला." आईचे खांदे खाली आले, मधलीनं ते स्पष्ट पाहिलं. वहिनी सूप आणायला आत गेली.

सूप आणि पाव सगळ्यांनी मांडीवर घेऊन खाल्ला, कारण टेबलावर फळी होती. आईनं पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि सूपची वाटी बाजूला सारली.

"टायमर दिसत नाही," मधली म्हणाली. ती आल्यापासून तो वाजलाच नव्हता.

"बटणांच्या डब्यात टाकलाय. किरकिर नुसती. लय लागली की वाजतो."

"काहीतरी जळतंय," वहिनी म्हणाली. "लोकर जळल्यासारखा वास येतोय."

मधली आत जाऊन शेगडी बघून आली. शेगडी बंद होती.

"दादाचं डोकं असेल," धाकटा म्हणाला. "आजचा दिवस कामातून गेला ना त्याचा."

थोरलाही हसला. ते पाहून आई इतकी खूश झाली, की म्हणाली, "चला रे, एकसष्ट राहिलेत. बसा सगळे. आज पालटून टाकू."

पालटणं म्हणजे काय, हे या घराबाहेर कोणाला सांगून पटलं नसतं. आई जिगसॉ पालथा लावायची. चित्राची बाजू खाली, करडा पुठ्ठा वर. खोक्याचं झाकण ती पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकायची. चित्र बघून कोणीही लावील, म्हणायची. कापणाऱ्यानं कड ओळखावी. हजार तुकडे नुसत्या कडेवरून लागले, की वर दुसरी फळी ठेवायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी घट्ट धरायचं आणि एका झटक्यात सगळं उलटं करायचं. तेव्हा कळायचं, एवढे दिवस आपण काय जोडत होतो. एक टोक नेहमी बाबा धरायचे. बाबा गेल्यापासून दोन जिगसॉ पुरे झाले होते आणि ते न पालटताच तिनं मोडून खोक्यात भरले होते.

तिघं भावंडं टेबलाभोवती बसली. वहिनी सोफ्यावर वह्या तपासत बसली. आईच्या हाताखाली तिघंही लहानपणी काजं-बटणं शिकलेली. हात आपोआप चालायला लागले.

"तो दे," धाकटा म्हणाला.

"कोणता?" थोरल्यानं विचारलं.

"तुझ्या कोपराखालचा. दोन कान असलेला."

थोरल्यानं कोपर उचललं आणि तुकडा सरकवला. तीन वर्षांत त्या दोघांत मध्यस्थाशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं. मधलीनं आईकडे पाहिलं, आईनं मधलीकडे. मांजर खिडकीत येऊन बसलं की माणूस हलत नाही, तशा त्या बसून राहिल्या.

पुढचे दोन तास या घरातले गेल्या कित्येक महिन्यांतले सगळ्यात चांगले तास होते. मधलीला हे नंतर कोणालाही सांगता आलं नाही. धाकट्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या: गादीवर आडवं होऊन बघायला लाजणारी बाई, आडवा होऊन घोरायलाच लागलेला म्हातारा. थोरल्यानं सात वर्षं एकाच जागी पंक्चर होणाऱ्या बसची गोष्ट सांगितली. आई मधूनमधून म्हणायची, "जबरदस्ती करू नको, कड बोलेल." पावणेचारला शेवटचा तुकडा बसला. आईनं रेघ ओढली आणि खडू खाली ठेवला.

"फळी आणा. तुम्ही दोघं धरा. मी सांगेन तेव्हा उलटायचं."

थोरल्यानं कपाटामागून दुसरी फळी काढली. दोन्ही भावांनी वरची-खालची फळी घट्ट धरली.

"आई, जरा मागे हो. तुझी खुर्ची अडतेय."

"इथूनच बघते मी."

"अगं, कोपरा लागेल तुला. उठ दोन मिनिटं."

"म्हटलं ना, इथूनच बघते."

"थांबा," मधली म्हणाली. "हीटरची वायर पायात येईल." ती वाकून टेबलाखाली शिरली.

खाली जळकट वास दाट होता. आईची डावी सपात निघून बाजूला पडली होती. डावं पाऊल घोट्यात कलंडून हीटरच्या जाळीला टेकलं होतं. राखाडी लोकरी मोजा करंगळीच्या बाजूनं तपकिरी झाला होता, मधोमध काळा पडून त्याला भोक पडलं होतं, आणि भोकातून दिसत होती ती कातडी पांढरी होऊन वर आली होती. आणि टेबलावरून आईचा आवाज येत होता, अगदी मोकळा: "अरे, अंगठे वर नको, खाली ठेवा. बाबांना चाळीस वर्षं हेच सांगितलं."

मधलीनं आधी बटण बंद केलं. मग दोन्ही हातांनी ते पाऊल धरून बाजूला घेतलं. ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं आलं.

"आई," ती टेबलाखालूनच म्हणाली, "मी काय धरलंय?"

"काय धरलंयस?"

"तू सांग."

वर सगळं थांबलं.

"वायर," आई म्हणाली.

मधली बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून धाकट्याच्या हातून फळी सुटता सुटता राहिली. "आई, पाय हलव."

"कोणता?"

"कोणताही."

आईनं भुवया आवळल्या, ओठ मिटले. कपाळावरची शीर वर आली. "हलवला की," ती म्हणाली.

काहीही हललं नव्हतं.

वहिनी वह्या टाकून आली आणि तिनं आईच्या मांडीवरची शाल वर केली, ओटीपोटावरचा फुगवटा पाहून तशीच परत घातली. "तुम्ही दोघं जरा बाहेर व्हा," ती नवऱ्याला आणि दिराला म्हणाली, आणि मग आईच्या कानाशी लागून हळूच, "बाथरूमला कधी गेला होतात?"

"काल रात्री. नऊला."

"त्यानंतर?"

"आलीच नाही." आईनं पहिल्यांदाच सगळ्यांची नजर चुकवली. "बरंच झालं म्हटलं. उठायला नको."

फळ्या तशाच टेबलावर राहिल्या, एकीवर एक.

चार पस्तीसला त्यांनी आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. धाकटा आणि थोरला तिला खुर्चीसकट उचलून दोन जिने उतरले, एकमेकांना "डावीकडे", "सावकाश", "माझ्याकडे भार दे" म्हणत. तरुण डॉक्टरनं आधी तिचे तळवे तपासले, मग पोटावर हात ठेवला आणि नर्सला नळी आणायला सांगितली. दीड लिटर लघवी निघाली.

"मणक्याच्या तळाच्या नसा पूर्ण दाबल्या गेल्यात," तो म्हणाला. "दुखणं थांबलं, कारण नस बधिर झाली. आता मला वेळा हव्यात. पाय कधी गेले? नक्की."

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. उत्तर आईनं दिलं, छताकडे बघत.

"साठावा लावताना डावा गेला. मुंग्या आल्या असतील म्हटलं. शंभराव्याला उजवा."

"साठावा काय?"

"तुकडा," मधली म्हणाली.

डॉक्टरनं पेन थांबवलं. "म्हणजे किती वाजता?"

मधलीनं डोळे मिटले. पहाटे पाच वीसला तिनं फळीवर पाण्याचा पेला ठेवला होता. रेघांच्या शेजारीच. तेव्हा तिची नजर गेली होती आणि तिला बरं वाटलं होतं: अकरा गठ्ठे. पंचावन्न. "साठावा म्हणजे… साडेपाच, पावणेसहा. मी नुकती निघाले होते."

"आणि एकशे बेचाळीस बारा दहाला," थोरला म्हणाला. तो मनातल्या मनात भागाकार करत होता. त्याचं आयुष्यच त्यात गेलं होतं. "सहा तास पन्नास मिनिटांत सत्त्याऐंशी. शंभरावा साधारण पावणेनऊला." तो थांबला. "आम्ही बारा चाळीसला आलो. तीन तास आम्ही तिच्याशेजारी बसून होतो, डॉक्टर."

डॉक्टरनं वेळा लिहून घेतल्या. स्कॅन होईल, आजच उघडावं लागेल, पाय किती परत येतील ते आत्ता सांगता येणार नाही. तास महत्त्वाचे असतात, एवढंच म्हणाला. नर्सनं फॉर्म आणला. आईच्या सहीखाली नातेवाइकाची सही हवी होती.

पेन थोरल्यासमोर आलं. तो दोन पावलं मागे सरला. "मागच्या वेळी मी केली होती."

धाकट्यानं पेन घेतलं. न वाचता सही केली, खाली नातं लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात काय लिहायचं ते थोरल्यानं त्याच्या मागून सांगितलं.

"तू सकाळीच का नाही बोललीस?" स्ट्रेचर निघण्याआधी मधलीनं आईला विचारलं.

"काय बोलणार होते? दुखत नाहीये म्हणून तक्रार करू?" आईनं तिचा हात धरला, हात अजून होते, पक्के. "आणि तुम्ही ऑपरेशन ठरवलं असतंत."

सात चाळीसला तिला आत नेलं. दहाला बाहेर आणलं. सर्जन म्हणाला, दाब निघालाय, बाकीचं नसा ठरवतील.

सोमवारी सकाळी सात वाजता तिला नीट शुद्ध आली. पलंगाशी मधली आणि वहिनी होत्या. भाऊ खाली, जिन्याच्या पायरीवर, कागदी पेल्यातला चहा घेऊन बसले होते, शेजारी शेजारी. तरुण डॉक्टर आला, त्यानं पांघरूण गुडघ्यापर्यंत दुमडलं. डाव्या पावलाला पट्टी होती. त्यानं खिशातून सुई काढली.

"मी टोचेन. कळलं की हो म्हणायचं. डोळे मिटा."

आईनं डोळे मिटले. तिचा अंगठा चादरीच्या कडेवरून फिरत होता, सावकाश, पुढे-मागे.

उजवा तळवा. काही नाही. उजवा घोटा. काही नाही. डावा अंगठा. काही नाही. डॉक्टर वहीत खूण करायला वळला. खोलीत शांतता पसरली, आणि ती जरा लांबली.

"हो," आई म्हणाली.

सुई डॉक्टरच्या हातातच होती, पलंगापासून हातभर लांब. त्यानं मधलीकडे पाहिलं. मधलीनं मान खाली घातली.

"हो, कळलं," आई पुन्हा म्हणाली, डोळे घट्ट मिटून. "लिहा."

डॉक्टरनं काही लिहिलं नाही. सुईला टोपण लावलं, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, पुढची तपासणी दुपारी बाराला.